वीस हजार पावलांचे मानकरी

मी मनगटावरचा पट्टा बोलतोय. पावलं मोजणारा. दुकानाच्या काचेत होतो तेव्हा माझं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. मुळशी तालुक्यात आलो आणि नुसता 'पट्टा' झालो. तक्रार नाही. इथे भल्याभल्यांची नावं अशीच आखूड होतात.

आत्मवृत्त सांगणाऱ्यानं आपला जन्म हलाखीत झाला असं सांगायची रीत आहे. माझा तसा झाला नाही. एका थंडगार, स्वच्छ कारखान्यात, डोक्याला टोप्या बांधलेल्या मुलींच्या हातून, माझ्याबरोबर त्याच दिवशी काही हजार भाऊ जन्मले. आम्हाला जन्मतःच तीन गोष्टी शिकवल्या गेल्या: पावलं मोजणं, नाडी मोजणं, आणि माणूस तासभर बसून राहिला की थरथरून त्याला उठवणं. पावलं नेमकी कुणाची आहेत हे ओळखणं मात्र शिकवायचं राहून गेलं. पुढचं सगळं रामायण त्या राहिलेल्या धड्याचं आहे.

मला विकत घेतलं जान्हवीनं. ती बावधनला राहते, संगणकाच्या कंपनीत नोकरी करते आणि आरोग्यावर इतकं वाचते की तिला जेवायला वेळ मिळत नाही. तिनं मला स्वतःसाठी घेतलं नाही, वडिलांसाठी घेतलं. चांगली सवय स्वतःला लावण्यापेक्षा दुसऱ्याला लावणं केव्हाही सोपं.

वडील म्हणजे दयानंद तात्या. वय अठ्ठावन्न, देह भरदार. लवळ्याच्या डोंगराखाली यांचं गाव. वडिलोपार्जित आठ एकर होती, त्यातली बरीचशी विकली आणि उरलेल्या तुकड्यावर तीन मजली इमारत बांधून कॉलेजच्या मुलांना खोल्या भाड्यानं दिल्या. जमीन होती तोवर तात्या तिच्यासाठी दिवसभर चालत. जमीन गेली, आणि चालायचं कारणही तिच्याबरोबर खरेदीखतात लिहून गेलं. आता दारात पांढरी गाडी होती. चहाची टपरी घरापासून चारशे पावलांवर. तात्या तिथे गाडीनं जात. गाडी काढून, वळवून, टपरीसमोर लावेपर्यंत जेवढा वेळ जाई तेवढ्यात त्यांच्या पत्नी, सगुणाबाई, घरी चहा करून पिऊनही मोकळ्या होत.

दिवाळीनंतर तात्यांच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या म्हणून जान्हवीनं त्यांना बावधनच्या डॉक्टरांकडे नेलं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एक तपासणी असते. तिचा आकडा सहाच्या आत असावा. तात्यांचा नऊच्या वर निघाला.

डॉक्टर म्हणाले, "काका, गोळ्या देतो आणि तीन महिन्यांची मुदत देतो. गोड बंद, रोज चालणं. आकडा उतरला नाही तर इन्सुलिनची सुई. रोज. पोटात."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तात्या तरुणपणी तालमीत होते. आसपासच्या पाच गावांतले गडी त्यांनी चीत केलेले. पण सुई दिसली की त्यांचे डोळे पांढरे होत. शाळेत लस टोचायला आले तेव्हा ते पळाले ते तिसऱ्या दिवशी मामाच्या गावी सापडले. तेव्हा तो 'पोटात' शब्द ऐकल्याबरोबर त्यांनी शर्टाचं शेवटचं बटण लावून घेतलं.

त्या रविवारी जान्हवीनं मला त्यांच्या मनगटावर बांधलं. शेवटून दुसऱ्या भोकात.

"अप्पा, रोज दहा हजार पावलं. मला माझ्या मोबाइलवर दिसणार आहेत."

"बावधनात बसून दिसणार?"

"हो. तुम्ही किती झोपता तेही दिसणार."

"आंघोळीचं न्हाई ना दिसत?"

"अप्पा!"

"इचारलं आपलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या खरंच निघाले. नवे बूट, नवी टोपी, आणि मी. हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम सांगतो. माणूस वाईट नव्हता, त्याला चालायचं होतं. पण गावाला ते मंजूर नव्हतं.

या गावात रस्त्यानं चालणाऱ्या माणसाला काहीतरी कारण लागतं. तो शेतावर निघालेला असावा, मयतीला निघालेला असावा, नाहीतर त्याची गाडी बंद पडलेली असावी. यापलीकडचं कारण पंचक्रोशीत चालत नाही. तात्या मारुतीच्या देवळापर्यंत पोहोचले नाहीत तोच त्यांचा तालमीतला जोडीदार कोंडिबा मोटरसायकल घेऊन आडवा आला.

"तात्या, गाडी कुटं?"

"घरी हाय."

"बंद पडली?"

"न्हाई रं. चालतोय."

"कशापायी?"

"तब्येतीसाठी."

माणूस नुकताच दारूला लागला आहे असं कळल्यावर त्याच्याकडे जसं बघतात तसं कोंडिबानं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "बसा. सोडतो."

"कुटं सोडतोस? मी कुटंच चाललो न्हाई."

"मग तर बसाच."

बसले. नाही म्हणणं म्हणजे कोंडिबाचा अपमान. कोंडिबानं त्यांना टपरीवर नेलं, दोघांनी दोन-दोन वडापाव खाल्ले, आणि कोंडिबानं घरी आणून सोडलं. पावलं सहाशे चाळीस. दुसऱ्या दिवशी दुधाच्या टेम्पोनं उचललं, चारशे अकरा. तिसऱ्या दिवशी शाळेची बस थांबली आणि मुलांनी सरकून जागा केली. चौथ्या दिवशी गिरणीत सगुणाबाईंना एकीनं दळण खाली ठेवून, हात धरून विचारलं, "वहिनी, काय अडचण आलीय का? गाडी म्हनं ओढून नेली?"

त्या संध्याकाळी तात्यांनी बूट कोनाड्यात ठेवले. अब्रू आणि साखर यांत अब्रू आधी. साखर कुणाला दिसते?

पण जान्हवीला पावलं दिसत होती. तिचा फोन आला, "अप्पा, चारशे? एवढी तर मी घरात चालते." तात्यांनी फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं. मग त्यांची नजर अंगणात गेली. तिथे बाळाबाई म्हशीचं शेण काढत होती.

बाळाबाई वरच्या डोंगरातल्या वाडीवर राहते. पहाटे चारला उठते, पाणी भरते, तासभर डोंगर उतरून तात्यांकडे येते. तीन मजल्यांचे जिने झाडते, पुसते, गोठा काढते, म्हशीला वैरण टाकते, आणखी दोन घरी भांडी घासते आणि जाताना डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन डोंगर चढते. हे सगळं मला नंतर कळलं. अंगानं अनुभवून कळलं.

"बाळाबाय, ह्ये हातात घाल."

"काय हाय?"

"मशीन हाय. नवीन ट्रॅक्टर आधी चालवून त्याचं रनिंग काढत्यात न्हाई का, तसं ह्याचं काढायचंय. तीन महिनं."

"मग तुमीच काढा की."

"मला घट्ट होतंय."

बाळाबाईनं माझ्याकडे पाहिलं, तात्यांच्या पोटाकडे पाहिलं. "तीन म्हैनं म्हंजे डाक्टरनं दिल्यालं तीन म्हैनं का?"

या गावात खाजगी असं काही राहत नाही. तात्या खाकरले.

"तू घालणार का न्हाई?"

"घालीन. पर दुपारचा कोरा चा बंद. दुधाचा पायजे. म्हस मी धुती, शेण मी काढती, आन चा कोरा."

"दिला."

"साखर घालून."

"दिली."

असा करार झाला. बाळाबाईनं मला पहिल्या भोकात, हिरव्या बांगड्यांच्या मागे बांधलं.

खरं सांगतो, त्या तीन महिन्यांत मी पट्टा म्हणून जगलो. त्याआधीचं आयुष्य म्हणजे नुसती हजेरी. पहिल्याच दिवशी सकाळी अकराच्या आत दहा हजार पावलं झाली. लक्ष्य पूर्ण झालं की थरथरायचं आणि फटाके उडवून दाखवायचे, असं मला शिकवलेलं. मी थरथरलो. ती दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर बादली घेऊन होती.

"आगं बया! चावला की!"

पुढे तिला सवय झाली. माझे फटाके उडाले की ती पदरानं तोंड पुसून म्हणे, "वाजला. म्हंजे आर्धं काम झालं." आणि उरलेल्या अर्ध्या कामाला लागे. बसलेल्या माणसाला उठवायची माझी जी तिसरी विद्या, ती वापरायची वेळ तिच्या हातावर एकदाही आली नाही. तासभर बसायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. शिकलेली माणसं चालतात त्याला व्यायाम म्हणतात, त्यावर व्याख्यानं होतात. बाळाबाई चालते त्याला पायपीट म्हणतात. दोन्हीत पाय तेच असावेत असा माझा अंदाज आहे, पण मी फक्त मोजतो.

आठवड्याभरात बावधनला आनंदीआनंद झाला. तात्यांच्या खिशातल्या मोबाइलजवळून बाळाबाई झाडू मारत गेली की माझे आकडे त्यात शिरत आणि तिथून जान्हवीकडे जात. एकवीस हजार तीनशे चाळीस. बावीस हजार. जान्हवीनं ते चित्र नातेवाइकांच्या गटावर टाकलं, मग ऑफिसातल्या गटावर. तिच्या साहेबांनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

"अप्पा, तुम्ही रोज पहाटे चारला उठता? मला झोपेचं पण दिसतंय!"

आतून सगुणाबाई म्हणाल्या, "उठत्यात की. कूस बदलायला."

"आई, तू चेष्टा करू नकोस. एवढे बदललेत ते."

तात्या फोन कानाला लावून म्हणाले, "बदलाय तर लागतंच, बाय." आवाज झोपेतला होता. सकाळचे साडेसात वाजले होते.

"दमल्यासारखे वाटताय."

"चालून आलोय न्हवं."

आता माणसाच्या स्वभावाची एक गंमत सांगतो. महिना उलटला आणि तात्यांना स्वतःलाच वाटू लागलं की आपण चालतो. रात्री जेवताना ते जान्हवीचा आकडा विचारून घेत आणि समाधानानं आणखी एक भाकरी घेत; एवढं चालल्यावर खायला नको? टपरीवर ते कोंडिबाला पोटऱ्या कशा भरून येतात ते सांगत. एके दिवशी तर त्यांनी सगुणाबाईंकडून पायाला तेल चोळून घेतलं. सुईचं नाव घरातून निघून गेलं. मोबाइलमधला आकडा वर गेला की रक्तातला आपोआप खाली येतो, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

बातमी ग्रामपंचायतीपर्यंत गेली. गावात कर्तृत्व झाकून ठेवायची पद्धत नाही. सापडलं की लगेच फ्लेक्स लागतो. वेशीवर आठ फुटी फ्लेक्स लागला. त्यावर तात्या, भोवती बारा शुभेच्छुकांचे गोल फोटो, आणि वर मजकूर: 'आरोग्यदूत मा. दयानंद तात्या यांचे हार्दिक अभिनंदन! रोज वीस हजार पावले!' सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सत्कार ठरला. तात्यांनी नको म्हटलं, जेवढं रीतीनं म्हणायचं असतं तेवढं.

सत्काराच्या सकाळी बाळाबाईच्या हातावरून मला घाईघाईनं काढलं गेलं, कारण फोटोत मी दिसायला हवा होतो. तात्यांच्या मनगटावर मी आता शेवटच्या भोकातही बसेना. शेवटी सगुणाबाईंनी मला केसांच्या पिनेनं कसंबसं अडकवलं. शेजारच्या गल्लीतून गाडीनं आलेल्या सरपंचांनी तरुणांना तात्यांचा आदर्श घ्यायला सांगितलं. शाल झाली, श्रीफळ झालं. मग आरोग्याच्या सत्कारानिमित्त पेढे वाटले गेले. तात्यांनी चार खाल्ले. मान राखायला लागतो. मागच्या बाजूला बाळाबाई दीडशे माणसांचे चहाचे कप विसळत होती.

कार्यक्रम संपल्यावर तिनं हात पुढे केला. "द्या. तुमच्या सत्कारापायी माजी दोन हजार पावलं बुडाली."

तात्या हसले. मला मात्र हसू आलं नाही. पिन टोचत होती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुदत संपली. जान्हवी रजा घेऊन आली, तात्यांना बावधनला घेऊन गेली. पिनेसकट मीही होतो. ती डॉक्टरांसमोर मोबाइल धरून तीन महिन्यांचे उभे खांब दाखवत होती. एकही खांब बुटका नव्हता. डॉक्टरांनी खांब पाहिले, मग तपासणीचा कागद पाहिला. मग चष्मा पुसला आणि दोन्ही पुन्हा पाहिले.

"दहा पूर्णांक दोन," ते म्हणाले.

"वाढली?" जान्हवी म्हणाली.

"काका, एवढं चालून, गोळ्या घेऊन साखर वाढली याचा अर्थ गोळ्यांचा तुमच्यावर काही उपयोग होत नाही. दोष तुमचा नाही. तुम्ही करायचं ते सगळं केलंत. आता वाट बघण्यात अर्थ नाही." त्यांनी मागचा छोटा फ्रिज उघडला. "घाबरू नका, पेनासारखं असतं. पहिला डोस इथेच घेऊ, कसं घ्यायचं तेही शिकवतो. शर्ट वर करा."

नाडी एकशे बत्तीस. त्या पहिल्या चार दिवसांनंतर तात्यांच्या स्वतःच्या शरीरानं मला दिलेली ही पहिली खरी नोंद. डॉक्टरांनी टोपण काढलं. सुई एवढीशी होती, तात्यांच्या मिशीच्या केसापेक्षाही बारीक.

"थांबा," तात्या म्हणाले.

"दुखत नाही, काका."

"त्यो मी न्हाई."

"कोण तुम्ही नाही?"

"चालणारा."

डॉक्टरांनी टोपण परत लावलं. "मग कोण चालतं?"

"बाळाबाय."

"या कोण?"

"आमच्याकडं कामाला हायेत." तात्यांनी बाळाबाईला पहिल्यांदाच आदरार्थी केलं, आणि तेही तिच्या पाठीमागे.

डॉक्टरांनी पेन फ्रिजमध्ये ठेवलं आणि दार लावलं. "काका, मी आत्ता चुकीच्या माणसाच्या पावलांवर तुम्हाला औषध देणार होतो. आणि गोळ्या तरी तुम्हीच घेतल्यात ना?"

"गोळ्या मीच. पर पेढंबी मीच."

"आणखी तीन महिने. खरे. पुढच्या वेळी पेन बाहेर काढलं की आत ठेवणार नाही."

परतताना गाडी जान्हवी चालवत होती. चांदणी चौक मागे पडला, भूगाव मागे पडलं. मग ती म्हणाली, "रोज झोपताना तुमची पावलं बघायचे, अप्पा. मग झोप लागायची. म्हणायचे, चला, आजचा दिवस गेला नीट."

घरी आल्यावर त्यांनी पिन काढली, मला पडवीतल्या खिळ्याला टांगलं आणि सगुणाबाईंना म्हणाले, "ह्याला हात लावू नका. ह्यानंच मला खोटं बोलाय लावलं."

मी! ज्यानं जन्मात एक पाऊल इकडचं तिकडं केलं नाही, तो मी खोटारडा ठरलो आणि मनगट निर्दोष सुटलं. पण खिळ्यावरच्याचं कोण ऐकतं? तिथून अंगण, गोठा आणि रस्ता तिन्ही दिसतात. पुढचं सगळं मी तिथून पाहिलं.

दुसऱ्या सकाळी तात्या बूट घालून निघाले. दहा मिनिटांत कोंडिबाच्या मागे बसून परत आले. आता तर त्यांना ओळखणारे वाढले होते. वेशीवरच्या फ्लेक्सखाली आरोग्यदूताला पायी जाताना बघून कोण गाडी थांबवणार नाही? तात्या पायरीवर डोक्याला हात लावून बसले. दुपारी बाळाबाईच्या दुधाच्या चहाची वेळ झाली तेव्हाही ते तिथेच होते. तिनं बशी भरली.

"रनिंग निघालं का?"

"निघालं."

"मग चा?"

"ऱ्हाऊ दे चालू."

ती फुर्रकन प्यायली. "तात्या, तुमी रिकामं चालताय. रिकाम्या माणसाला समदे उचलून नेत्यात. मला कुणी गाडीवर बसवलंय का कदी? डोक्यावर मोळी अस्ती."

"मग मी मोळी घिऊ?"

"तुमाला झेपंल का?" ती हसली. "चंद्रीला घिऊन जावा नदीवर. जमीन इकल्यापासनं खुट्याला बांधून ठिवलीय. तीबी तुमच्यावानी झालीय."

चंद्री म्हणजे म्हैस. तात्यांना हे कसं आवडेल? तीन मजल्यांच्या मालकानं म्हशीमागे जायचं! पण ते फ्रिजचं दार त्यांच्या डोळ्यांपुढे उघडत-मिटत असावं. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी चंद्रीचं दावं सोडलं.

पहिल्या दिवशी दोघंही फाटकात बराच वेळ उभे होते. दोघांनाही सवय राहिली नव्हती. मग चंद्री निघाली, मागून तात्या. फाटकाबाहेरच्या रस्त्यावरच कोंडिबा आला. त्यानं मोटरसायकल थांबवली, तात्यांकडे पाहिलं, चंद्रीकडे पाहिलं, मागच्या सीटकडे पाहिलं, आणि निघून गेला. म्हशीसकट सोडायची सोय अजून निघालेली नाही. गिरणीतही प्रश्न मिटला. तात्या चालत नाहीत, म्हैस नेतात. यात विचारण्यासारखं काय आहे?

नदी दोन किलोमीटर. जायचं, चंद्रीला डुंबू द्यायचं, परत यायचं. दीड तास.

मी मात्र सुज्ञपणे वाट बघत होतो. मी असली उत्साहाची प्रकरणं पाहिलेली आहेत. माझ्या भावांपैकी निम्मे जानेवारीत मनगटावर जातात आणि फेब्रुवारीत खणात. चौदाव्या दिवशी तो दिवस आला. आदल्या दिवशी हळद होती, जागरण झालं होतं. सहा वाजले, तात्या उठले नाहीत. मला समाधान वाटलं, हे कबूल करतो.

सहा वाजून पाच मिनिटांनी चंद्री ओरडली. असं ओरडली की गोठ्याचे पत्रे वाजले. ती थांबेना. दुसऱ्या मजल्यावरचा एक नागपूरकडचा मुलगा उघड्या अंगानं जिना उतरून खाली आला आणि दार वाजवू लागला. "काका, प्लीज! एक्झाम आहे आज. हिला घेऊन जा ना!"

"आज कट्टाळा आलाय रं."

"तिला नाही आला, काका!"

तात्या डोळे चोळत बाहेर आले आणि दावं सोडलं. मला तेव्हा कळलं की हे प्रकरण माझ्या अनुभवातलं नाही. सवय तात्यांना लागलीच नव्हती. सवय म्हशीला लागली होती. मी थरथरलो तर मनगट झटकता येतं, आवाज बंद करता येतो. चंद्रीचा आवाज बंद करायचं बटण कुठे असतं?

असे मार्च, एप्रिल आणि निम्मा मे गेला. लग्नसराईत तात्यांनी जिलब्या सोडल्या असं मी म्हणणार नाही. दोनच घेऊ लागले. वेशीवरचा फ्लेक्स उन्हानं फाटायला आला तेव्हा बाळाबाईनं तो मागून घेतला. वाडीवर सरपण झाकायला आठ फुटी कापड बरं पडतं. छापील बाजू तिनं आत घातली म्हणे.

सगुणाबाईंनी मात्र मला सोडलं नाही. दर रविवारी खिळ्यावरून काढून तासभर वीज पाजत आणि परत टांगत. कशासाठी, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. म्हणून मी जागा होतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात तात्या आणि जान्हवी बावधनहून परत आले. गाडीतून उतरताच तात्या ओरडले, "अगं, सात पूर्णांक नऊ! सुई न्हाई!"

सगुणाबाई बाहेर आल्या. "आजून खाली यायला पायजे ना पर?"

"पायजे. गोळ्या हायेतच. पर सुई न्हाई!" आणि तालमीतल्या सवयीनं त्यांनी मांडीवर शड्डू ठोकला. चंद्रीनं मान वर करून पाहिलं.

जान्हवी पडवीत बसून मोबाइल बघत होती. डॉक्टरांनी तिथे तिला पावलं दाखवायला सांगितलं होतं आणि तिला दाखवता आली नव्हती. "आई, बघ ना," ती म्हणाली. "नव्वद दिवस शून्य. रोज शून्य. आणि हे काय लिहिलंय: 'निराश होऊ नका, दयानंद. तुमची सर्वोत्तम कामगिरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत झाली होती. पुन्हा तसे बना!'"

हे मीच पाठवलं होतं. माझ्याकडे जी नोंद आहे तिच्यावरून माझ्या मते त्यांना इतकंच सांगता येत होतं.

ती उठली, मला खिळ्यावरून काढलं. "अप्पा, आता तर खरंच चालताय. आता घाला. एवढं सगळं मोजलंच नाही कुणी. वाया गेलं."

तात्यांनी मला हातात घेतलं. मनगटावर धरून पाहिलं. शेवटून दुसऱ्या भोकात आरामात बसलो असतो. पिनेची गरज नव्हती. मी सगळी विद्या गोळा करून तयार होतो. खोटं कशाला बोलू, मला पुन्हा मोजायचं होतं.

"नगं, बाय," ते म्हणाले. "मोजाय लागलो की कमी पडल्यावर परत कुणाच्यातरी हातावर बांधावंसं वाटंल. मला मी ठाव हाय."

आणि त्यांनी मला परत टांगलं.

मंडळी, मी निरोप घेतो. माझ्या भावांना विकत घेणार असाल तर जरूर घ्या; ते प्रामाणिक आहेत आणि मोजण्यात चुकत नाहीत. फक्त रागानं खिळ्याला टांगू नका. आणि आकडा चांगला आला तर पेढे वाटण्याआधी, तो कुणाच्या हातावर झाला एवढं एकदा बघा. मला ते सांगता येत नाही. माझ्या वहीत बाळाबाई नावाचं कुणी नाही. तिची अठरा लाख पावलं आजही दयानंद तात्यांच्या नावावर आहेत, आणि तात्यांची स्वतःची कुणाच्याच नाहीत.

आता सहा वाजायला आलेत. दावं सोडल्याचा आवाज येतोय. मी माझी आजची नोंद लिहून ठेवतो: पावले शून्य.